दोन नंबरची पवनचक्की

पंधरा वर्षं मी पवनचक्कीची पाती केली, आणि पवनचक्की फिरताना मात्र टीव्हीवर सोडून कुठेच पाहिली नव्हती. कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. चाकणच्या कंपनीत आम्ही बायका काचेच्या धाग्याचं कापड साच्यात अंथरायचो. थरावर थर, एकही सुरकुती न ठेवता. सुरकुती राहिली तर पातं आतून कच्चं राहतं, म्हणून सुपरवायझर बॅटरी घेऊन आमच्या मागे मागे फिरायचा. पातं तयार झालं की लांबलचक ट्रेलरवर चढायचं, चहाच्या सुट्टीत आम्ही गेटापर्यंत धावायचो, ते वळण घेऊन गेलं की आमचा त्याचा संबंध संपला. पुढे ते कुठे उभं राहिलं, फिरलं की नाही, हे सांगायला कोण येणार? मग एक दिवस कंपनीच दुसऱ्या राज्यात गेली, मिस्टर रिटायर झाले आणि आम्ही माणगावजवळ आमच्या गावी येऊन भातशेती करायला लागलो.

यंदा भात झोडून झाला आणि पारूचा फोन आला. पारू म्हणजे पार्वती, साच्याच्या त्या टोकाला कापड धरणारी. या टोकाला मी. तिचं गाव चाकणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी.

"शोभे, गावात चक्क्या येत्यात. तीन. त्यातली दोन नंबरची माझ्या घराच्या मागं, हाकेवर. गुरुवारी ग्रामसभा हाय. तू ये आन् समद्यांना सांग, ही लई आवाज करती म्हणून. तुझं ऐकत्याल, तू पाती केलीस."

"अगं, तूही केलीस की!"

"माझं कोण ऐकतंय? मी गावातलीच."

फोन ठेवून चहा गाळते आहे तोवर दुसरा फोन. गावच्या सरपंच, मनीषा. तिला मी शाळेच्या दप्तरासकट ओळखते, पारूकडे येता-जाता दिसणारी गावातली पोर. "मावशी, तुम्ही याच. पारूमावशी घाबरल्यात. आवाजबिवाज काही नसतो हे तुम्ही समजावलंत तर त्यांना पटेल. गावाचं भलं आहे हो यात."

घ्या! इकडे आड तिकडे विहीर. दोघींनाही वाटत होतं मला सगळं माहीत आहे. आणि मला काडीचं माहीत नव्हतं. तरी निघाले, कारण पाच वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नव्हतं आणि जीव नुसता तिकडेच ओढत होता.

मंगळवार

चिंचवडला उतरले ती मुद्दाम. पारूकडे थेट जाता आलं असतं, पण जुनी खोली बघायची हौस. खोली कसली राहते! तिथे आता बारा मजली सोसायटी आहे आणि वॉचमनने मला, "कोणाकडे, मॅडम?" असं विचारलं. मी म्हटलं, "माझ्याकडेच." त्याला काही कळलं नाही, बिचाऱ्याला. डोक्यावरून मेट्रो गेली. खाली रिक्षावाले तसेच भांडत होते, तेवढं बरं वाटलं.

आमच्या वेळी ह्या गावात रविवारला कुणी विचारत नव्हतं. सुट्टी गुरुवारची. कारखान्यांना आठवड्यातून एक दिवस वीज बंद, म्हणून त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी. पोरांची शाळा रविवारी बंद, बापाची कंपनी गुरुवारी. एका घरात राहून बापलेकांची गाठ पडायची ती रात्रीच्या जेवणाला. पाहुणे रविवारी आले की आमचे मिस्टर फर्स्ट शिफ्टला. मी माहेरी लग्नाला एकटीच जायची आणि कोकणात सगळ्यांना वाटायचं, हिचं नवऱ्याशी पटत नाही. आता सांगताना हसू येतं. तेव्हा रडू यायचं.

चाकणची बस धरली. चौकातला ट्रॅफिक पाहून वाटलं, अरे, ह्याच सिग्नलला मी पाच वर्षांपूर्वी उभी होते, तो अजून सुटलाच नाही की काय! शेजारच्या बाईने डब्यातून भडंग काढून मला ओंजळभर दिलं. आमच्याकडे एसटीत कुणी असं देत नाही. आमच्याकडे आधी तुमचं आडनाव, गाव, मामाचं गाव विचारतात आणि मग द्यायचं की नाही ते ठरवतात.

पारूने मला पाहिलं आणि फाटकापासूनच सुरू केलं. "आली गं माझी कोकणातली म्हैस! काय अंग धरलंस!" आणि गळ्यात पडली. मी सुकट आणि आमसुलं काढून ठेवली. तिने मासवडी केली होती, तिखट रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्या घरी तांदळाची भाकरी, पांढरी, मऊ. बाजरीची भाकरी मी तिच्या हातची खाऊन शिकले, पहिल्यांदा घशात अडकली होती. या वेळी तीन खाल्ल्या.

जेवण झाल्यावर तिने घरामागे नेलं. टेकाडाच्या उतारावर चुन्याने एक मोठं वर्तुळ काढलेलं होतं आणि मधोमध लाल झेंडी. परसातली तुळस, कपड्यांची दोरी, गोठा, आणि त्याच्या वर ती झेंडी. खरंच हाकेवर.

ह्या घराचं मला वाईट वाटण्याचं कारण वेगळं आहे. हे घर गुरुवारचं आहे. पारूच्या नवऱ्याला कंत्राटदार परवडत नव्हता. तो कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर काम करायचा. मग दर गुरुवारी आम्ही सगळे यायचो. माझे मिस्टर, लाइनवरच्या चार जणी, त्याचे दोस्त. बाप्ये पाया खणायचे, बायका दगड वाहायच्या, दुपारी एकत्र पिठलं-भाकरी. तीन वर्षं लागली. भिंत एका बाजूला जराशी कलती आहे, ती माझ्या मिस्टरांनी ओळंबा न धरता लावली म्हणून. पारूचा नवरा त्या घरात जेमतेम आठ वर्षं राहिला आणि गेला. आता ती, एक म्हैस आणि ती कलती भिंत.

"मुलाकडं जा म्हणत्यात समदे," ती म्हणाली. "तळवड्याला फ्लॅट हाय त्याचा. मी न्हाई जायची. हितं त्यांचा हात लागलाय प्रत्येक दगडाला."

बुधवार

मी रात्रीच ठरवलं होतं. ग्रामसभेत तोंड उघडायचं तर आधी पवनचक्की बघायची. मनीषाला म्हटलं, तिने बाजीरावला जीप घेऊन पाठवलं.

बाजीराव म्हणजे माळवस्तीवरचा रिटायर फिटर. गावात चक्की यावी म्हणून सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस हाच. माळवस्ती डोंगराच्या दुसऱ्या सोंडेला, अकरा घरं. जीपमध्ये बसल्या बसल्या त्याने सुरू केलं, "वैनी, आता कोळसा किती दिवस जाळणार, सांगा. वारा फुकाट हाय. आपल्या डोंगरावरचा वारा वाया चाललाय."

"मग तुझ्या सोंडेवर लाव की," पारू मागून म्हणाली.

"तिथं अकरा घरं हायत."

"आन् माझं?"

"तुजं एक हाय."

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं!" पारूने असं म्हणून तोंड फिरवलं ते थेट शिरूर येईपर्यंत.

नगरकडच्या सुप्याला चक्क्या आधीपासून आहेत, तिथल्या डोंगरावर चढलो आणि वळण घेतल्यावर त्या एकदम दिसल्या. ओळीने उभ्या, पांढऱ्या, आणि फिरत होत्या. मी बाजीरावला म्हटलं, "थांबव." उतरले आणि पहिल्या चक्कीकडे चालत सुटले. वारा असा की पदर सांभाळावा का स्वतःला. एवढं मोठं पातं आभाळातून खाली येतं, डोक्यावरून जातं, परत वर. चादर झटकल्यासारखा आवाज, फूं... फूं... आमच्या साच्यात ते आडवं, मेल्यासारखं पडलेलं असायचं. अंगाला खाज, रेझिनचा वास, घरी जाऊन खोबरेल चोळायचं, पोरगं जवळ यायला कुरकुरायचं. ते सगळं ह्यासाठी होतं होय! मी तिथेच रडायला लागले. ती पाती आम्हीच केलेली की दुसऱ्या कुठल्या कंपनीची, कोण जाणे. मला काय त्याचं? मला ती माझीच वाटली.

बाजीरावही मान वर करून बघायला लागला. आणि तेवढ्यात त्याची टोपी उडाली. टोपी कुंपणापलीकडे, बाजीराव टोपीमागे, आणि सिक्युरिटीवाला शिट्टी फुंकत बाजीरावमागे. "ओ काका, मरायचंय का?" टोपी एका निवडुंगाला अडकली होती. ती काढताना त्याच्या हाताला काटे भरले, ते उपटत बसायची वेळ पारूवर आली. काटे काढता काढता ती जरा जोरात ओढत होती, असं मला वाटलं.

पण पारू माझ्यासारखी वर बघत नव्हती. ती डोळे मिटून ऐकत होती.

डोंगराच्या कुशीत एक घर होतं. कोंडाबाई नावाची म्हातारी तिथे शेंगा फोडत बसली होती. पाणी मागितलं, तिने गूळ दिला, चहा ठेवला. पारूने सरळच विचारलं, "आजी, झोप येती का?"

"पयल्या वर्साला न्हाई आली," कोंडाबाई म्हणाली. "आता सवय झाली. आता बंद पडली की जाग येती, काय झालं म्हणून. पर बाई, सावली. दिस कलला की त्याची सावली घरात येती. भिंतीवर, चुलीवर, पोराच्या तोंडावर. आली, गेली. आली, गेली. सूनबाईला चक्कर यायची. मग त्या बाजूची खिडकी बुजवली. दुरून डोंगर साजरे गं बायांनो."

"मग वाईटच का?"

"वाईट कसं म्हणू? नातू हितंच नोकरीला लागला. रोज घरला जेवायला येतो. मला इचारून लावली असती तर जरा तिकडं सरकवा म्हणले असते, एवढंच."

परतताना बाजीराव म्हणाला, "प्रेस-शॉपमध्ये तीस वर्सं काढली. मला तर ह्यो आवाज पाळण्यासारखा."

"तुझे कान गेलेत, म्हणून," पारू म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. चाकणला येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "शोभे, तू रडत व्हतीस तवा मला वाटलं, आपण मोप काम केलं गं." आणि मग, "पर ती सावली माझ्या घरात नको."

मला त्या रात्री काही सुचेना. मला ती चक्की पाहिजे होती. खरं सांगते, मला ती त्या डोंगरावर उभी राहिलेली पाहिजे होती. म्हटलं, आमचं काम कुठेतरी पारूच्या जवळ राहील. आणि पारूचं घरही तसंच पाहिजे होतं. दोन्ही माझ्याच हातचं.

गुरुवार

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. दिवस गुरुवारचा, कारण गावातली निम्मी माणसं कंपनीत, गुरुवारशिवाय कोरम होत नाही. पवनचक्कीवाल्या कंपनीचे साहेब मुंबईहून आले होते. भला माणूस, चष्मेवाला. बरोबर लॅपटॉप, पडदा, प्रोजेक्टर आणि दोन मोठे स्पीकर. चक्कीचा आवाज किती येतो ते ते स्पीकरवरून ऐकवणार होते. मनीषाने खुर्च्या, चहा, फुलांचे गुच्छ, सगळी जय्यत तयारी केली होती. साहेबांनी वायर लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ साहेब, आज गुरुवार! लाइट नसती!"

सगळं पटांगण हसलं. मनीषाने कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांत गुरुवारी वीज नाही हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, आणि जनरेटर कुणाला सुचला नाही! इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच झोपलेली. साहेब म्हणाले, "विजेच्या मीटिंगला वीज नाही, म्हणजे चक्की पाहिजेच ना!" तेही हसले. पण स्पीकर मुके ते मुकेच राहिले.

मग साहेबांनी कागदी नकाशा फळ्याला चिकटवला. एक नंबर इथे, तीन नंबर तिथे. त्या दोन्हींना कुणाची हरकत नव्हती, आसपास वस्तीच नाही. मग दोन नंबर. "ही जागा आम्ही निवडली कारण इथे एकच घर येतं. दुसऱ्या सोंडेवर अकरा घरं आहेत."

एक तरुण पोरगा उठला. "साहेब, चाकणपर्यंत कंपन्यांची एवढी छपरं पसरलीत. त्यांच्यावर सोलर टाका ना. आमचा डोंगर कशाला?"

"टाकतोच आहे. पण सूर्य मावळल्यावर नाईट शिफ्टचं काय? वारा तेव्हाच सुटतो. दोन्ही पाहिजे."

"कोळसा जिथं जळतो तिथल्यांना विचारा," कुणीतरी म्हणालं. "ते म्हणतील, घ्या चक्की आन् आमाला सोडवा." त्यावर बराच गलका झाला आणि खोटं कुणाचंच नव्हतं.

मनीषाने हात वर केला. "आवाज ऐकवता येत नाही. पण शोभामावशी आल्यात. त्यांनी पाती केलीत, काल ऐकूनही आल्यात. मावशी, तुम्ही सांगा."

मी उठले. कालचं सगळं सांगितलं. चक्की किती देखणी, मी कशी रडले, आवाज कसा, कोंडाबाईची खिडकी, तिचा नातू. काही लपवलं नाही आणि काही वाढवलं नाही. साहेब मान डोलावत होते. पारू खाली बघत होती.

मग मनीषाने विचारलं. मला वाटतं, तिने भाबडेपणानेच विचारलं. "मावशी, सरळ सांगा. तुमचं घर असतं तर?"

मी पारूकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "माझं घर असतं तर नको म्हणाले असते. दुसऱ्याच्या घरामागे लावा म्हणाले असते. आणि तुम्ही सगळे तेच म्हणताय."

कुणी रागावलं, कुणी हसलं. साहेबांनी चष्मा पुसला. मला वाटलं, संपलं, आता आपल्याला गावात चहा मिळायचा नाही.

तेव्हा पारू उठली. पंधरा वर्षांत मी तिला चार माणसांत बोलताना पाहिलं नव्हतं. ती फळ्याकडे गेली आणि नकाशावर बोट ठेवलं. "साहेब, हितं 'एक घर' लिवलंय. त्याला नाव हाय. मी चक्की नको म्हणत न्हाई. मी पाती केलीत, मला कळतं. पर ह्या दोन सोंडांच्या मधी, वरच्या माळावर, लावा. तिथनं माझंबी घर लांब, त्यांचीबी लांब. थोडा आवाज मला येऊ द्या, थोडा त्यांना येऊ द्या."

साहेब म्हणाले, "तिथे वारा जरा कमी मिळेल. आणि रस्ता माळवस्तीच्या शेतांतून न्यावा लागेल. तसा ठराव झाला तर आम्ही विचार करू."

ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं. "दोन नंबर वरच्या माळावर न्यावी, अन्यथा ग्रामसभा ना-हरकत दाखला देणार नाही. सूचक, पार्वतीबाई. अनुमोदक?"

कुणाचा हात वर होईना. रस्ता माळवस्तीच्या शेतांतून. माळवस्तीची माणसं एकमेकांकडे बघत होती, बाकीचे माळवस्तीकडे. पारू फळ्याजवळ उभीच होती. मला राहवेना. मी हात वर केला आणि म्हटलं, "मी."

ग्रामसेवक हळूच म्हणाला, "मावशी, तुम्हाला येत नाही. तुमचं नाव ह्या गावच्या यादीत नाही."

खरं होतं. माझं नाव तिथे कुठेच नव्हतं. हात खाली घेतला तेव्हा एवढं अपमानास्पद वाटलं, एवढं परकं वाटलं, की मी त्या गावासाठी पाच वर्षं झुरले त्याचा मलाच राग आला.

"अनुमोदक कुणी आहे का?" ग्रामसेवकाने पेनाचं टोपण लावायला घेतलं.

मागून खुर्ची सरकली. बाजीराव. हाताला कालच्या काट्यांची हळद, टोपी नीट बसवलेली. माळवस्तीतली सगळ्यात चांगली जमीन त्याची, रस्ता तिच्यातूनच जाणार होता. त्याच्या शेजारच्याने त्याचा सदरा ओढला. त्याने हात झटकला.

"चक्की पायजेच," तो नेहमीसारखाच ओरडून बोलला. "मी आजबी म्हणतो, पायजेच. पर काल ह्या बाईनं माझ्या हातातलं काटं काढलं आन् काढताना एक शब्द बोलली न्हाई की चक्की माझ्या उशाला लावू नको. मी लई वाट बघितली, आता म्हणंल, मग म्हणंल. न्हाई म्हणली. लिवा माझं नाव."

ग्रामसेवकाने लिहिलं. पारूने पदराने तोंड झाकलं आणि फळ्याजवळच जमिनीवर बसली. बाजीराव तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता रडतीस कशाला? रस्ता माझ्या रानातनं जाणार हाय, तुझ्या न्हाई."